शिडाची दोरी बांधायची नसते

घुग्घुसमध्ये राहून मी शिडं शिवते असं सांगितलं की लोक हसतात. इथे ना समुद्र, ना खाडी. कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंट आहे, आणि धूळ एवढी की सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी कुणाचं ते ओळखू येत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनाही गंमत वाटली. फोनवर म्हणाले, "बाई, कोळशाच्या गावातली शिडं, वा! जरा हलकंफुलकं लिहा, वाचकांना दिवाळीत आनंद हवा असतो." मी हो म्हणाले. आता लिहायला बसले तर गंमत काही सुचत नाही, रागच येतो. तेव्हा ज्यांना चकलीबरोबर गोड काहीतरी वाचायचं आहे त्यांनी सरळ पुढचं पान उलटावं.

माझं मूळ काम ताडपत्रीचं. नवरा खाणीत होता, आणि मी रस्त्याकडेच्या खोलीत जड शिलाई मशीन टाकून ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला लागले. बाई आणि ताडपत्री, म्हणून आधी लोक बघायला यायचे. मग फाटलेल्या ताडपत्र्या घेऊन यायला लागले. काम समजायला सोपं आहे. जाड कापडाच्या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, कडा दुमडून त्यात दोरी घालायची, आणि चारही बाजूंनी पितळी रिंगा ठोकायच्या. त्या रिंगांमधून दोर जातो आणि ताडपत्री ट्रकला आवळली जाते. ताडपत्रीचा धर्म एकच, हलायचं नाही. जी ताडपत्री वाऱ्यावर फडफडते ती गडचांदूरला पोहोचेपर्यंत स्वतःला फाडून घेते, आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत कोळसा जातो तो वेगळाच.

म्हणून आमच्याकडे ड्रायव्हर-क्लीनर लोकांची एक खास गाठ आहे. दोराला फास घालायचा, आकड्यातून खाली ओढायचा, वर लोंबकळून सगळा भार द्यायचा आणि अडकवून टाकायचा. ही गाठ पावसानं भिजली की आणखी घट्ट होते. हातानं सुटत नाही, टॉमी, म्हणजे चाकं खोलायची लोखंडी सळई, घालून उचकटावी लागते. आमच्या गल्लीतल्या पोरांना पायजम्याची नाडी नीट बांधता येत नाही, पण ट्रकची गाठ येते.

शिडाचा धर्म याच्या बरोबर उलटा आहे, आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं.

शिडं माझ्याकडे आली ती ढिवर लोकांमुळे. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यात तलाव आणि धरणं पुष्कळ. त्यांत मासेमारी करणारे ढिवर लाकडाचा किंवा टिनाचा डोंगा वल्ह्यानं हाकतात. वारा पाठीमागून असला की पूर्वीपासून कुणी धोतर उभारायचा, कुणी बायकोचं लुगडं. मग बाजारात स्वस्त ताडपत्री आली आणि एकानं विचारलं, "बाई, बांबूले लावाची हाये, शिवून देता काय?" मी शिवून दिली. ट्रकची शिवते तशीच, सपाट, चारी बाजूंनी रिंगा. आठवडाभरात परत आला. म्हणाला, "बाई, डोंगा समोर जातच नाई. तलावातली म्हैस सरकते तसा आडवाच सरकते."

त्या दिवसांत सिरोंच्याकडचा एक म्हातारा लेकीकडे घुग्घुसला येऊन राहिला होता. उभं आयुष्य प्राणहितेच्या पाण्यावर काढलेलं. दुपारी माझ्या दुकानात येऊन तंबाखू मळत बसायचा. त्याची भाषा अर्धी तेलुगू, पाव हिंदी, उरलेली मराठी. माझं शीड बघून तो एवढा हसला की तंबाखू सांडली. म्हणाला, "अम्मा, कपडे को पेट दो." म्हणजे कापडाला पोट द्यायचं. पट्ट्या जोडताना शिवण टोकांकडे थोडी जास्त दाबायची, की मधे कापडाला फुगवटा राहतो आणि त्यात वारा बसतो. आडवं सरकणं थांबवायला डोंग्याच्या बाजूला एक रुंद फळी पाण्यात लोंबती सोडायची. आणि शिडाच्या खालच्या मागच्या कोपऱ्याला एक दोरी. ती दोरी त्यानं माझ्या मुठीत दिली आणि मूठ आपल्या हातानं आवळली. "ये ताडु हाथ में. बांधना नहीं अम्मा. कभी नहीं."

का, ते मी पुढे शेकडो वेळा लोकांना सांगितलं आहे, इथेही सांगते. वारा एकसारखा येत नाही, झटक्यानं येतो. झटका आला की हातातली दोरी सोडायची. शीड फडफडतं, वारा निघून जातो, डोंगा सरळ उभा राहतो. दोरी बांधलेली असली तर वाऱ्याला जायला वाट नसते. मग तो शिडाला ढकलतो, शीड बांबूला ढकलतं आणि बांबू डोंग्याला पाण्यात झोपवतो. बस, एवढंच आहे. पहिलीतल्या लेकराला समजेल.

पण माझ्या गिऱ्हाइकांना समजलं असेल तर शपथ. प्रत्येकाला शीड घेतल्याबरोबर त्यात सुधारणा करायची घाई. एकानं माझं शीड परवडत नाही म्हणून निवडणुकीचं जुनं फ्लेक्स बांबूला लावलं. वारा भरला की पुढाऱ्याचे गाल फुगायचे, आणि काठावरची पोरं घोषणा द्यायची. तिसऱ्या फेरीला पुढाऱ्याचं नाक फाटलं आणि माणूस अर्ध्या पाण्यात अडकला. मग आला माझ्याकडे, फाटलेलं नाक घेऊन. दुसऱ्यानं डोंगा वळवायच्या वल्ह्याला मोटारसायकलचं हँडल बसवलं, आरशांसकट. आरसे कशाला, तर म्हणे मागून कोणी येऊन राह्यलं काय ते दिसते. धरणात! मागून कोण येणार आहे, एसटी?

या लोकांवर मी ओरडायचे, पण तो वरवरचा राग होता. काही सुधारणांचं तर मलाच कौतुक वाटायचं. मोडक्या दाराची फळी बाजूला पाण्यात सोडायला लाव, तेलाचे रिकामे प्लास्टिकचे डबे बुचं घट्ट लावून दोन्ही बाजूंना बांध, म्हणजे डोंगा पालथा झाला तरी बुडत नाही. डब्यांवाचून मी शीड देतच नसे. शिडाच्या खालच्या भागात मी बारीक नाड्यांची रांग शिवायचे, वारा वाढला की खालचं कापड गुंडाळून नाड्या बांधायच्या आणि शीड लहान करायचं. हे सगळं करायला ना कारखाना लागतो ना इंजिनिअर. डोकं लागतं, आणि दुसऱ्याचं ऐकायला कान लागतात.

खरा राग वच्छलाच्या डोंग्यापासून सुरू झाला आणि तो अजून उतरलेला नाही.

पोंभुर्ण्याकडच्या जंगलात एक धरण आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथे मच्छीमारांची सोसायटी आहे आणि सोसायटीनं पाणी वाटून दिलेलं आहे, ज्याचा पट्टा त्याची जाळी. जवळचे, गावाला लागून असलेले पट्टे कुणाकडे असतील हे सांगायला नको. वच्छलाचा पट्टा पार पलीकडे, जंगलाच्या बाजूला. नवरा मिरची तोडायला तेलंगणात जातो आणि उरलेले महिने मिरची तोडून आलेला शीण काढतो. त्यामुळे डोंगा तीच हाकायची. पुढे ती घाटावरच्या दगडावरून पडली आणि उजवा खांदा कायमचा दुखावला. जाताना सकाळचं पाणी शांत असतं, पण परतताना दुपारचा वारा तोंडावर. त्या खांद्यानं वल्हं मारणं होईना. सोसायटीचा नियम असा की, ज्याची जाळी वेळेवर उचलली जात नाहीत त्याचा पट्टा दुसऱ्याला. वच्छलाच्या पट्ट्यावर डोळा ठेवून दोन-तीन जण बसलेच होते.

ती माझ्याकडे आली तेव्हा डोंग्याचं माप लुगड्याच्या काठावर गाठी मारून आणलं होतं. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, मले खांदा नाई. वाऱ्याचा खांदा लावून द्या."

मी तिला माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं शीड शिवून दिलं. कोपऱ्यांना चार-चार थर, पोट अगदी जिथे पाहिजे तिथे. बाजूची फळी तिनं स्वतः तासली, बांबू स्वतः निवडला. पहिल्या दिवशी मला डोंग्यात बसवून नेलं. मला पोहता येत नाही, मी दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते. दुपारचा वारा आला, शिडाचं पोट भरलं, आणि डोंगा वाऱ्याला तिरका कापत घाटाकडे निघाला. वच्छलानं वल्हं डोंग्यात आडवं टाकून दिलं. डाव्या हातात दोरी, उजवा नुसता मांडीवर. झटका आला की बोटं सैल करायची, गेला की पुन्हा ओढायची. तासाभरात ती असं करत होती की जणू जन्मभर हेच केलं. मधेच मोठ्यानं हसली. मी तिला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नाही.

वर्षभर सगळं नीट चाललं. तिची जाळी वेळेवर उचलली गेली. मग अधिक महिना आला आणि जावई आला.

जावयाचं नाव नरेश. वच्छलाची मुलगी दीपाली घुग्घुसला दिली आहे, आणि नरेश कोळशाचा ट्रक चालवतो. माझं जुनं गिऱ्हाईक. मी त्याच्यावर चिडलेली आहे, तरी खोटं लिहिणार नाही, त्याच्यासारखी ताडपत्री बांधणारा माणूस या रस्त्यावर नाही. त्याच्या गाडीचं कापड कधी हललं नाही. त्या माणसाला अधिक महिन्यात सासुरवाडीत पाटावर बसवलं, ओवाळलं, अनारसे खाऊ घातले. आता बसून काय करायचं? घाटावर गेला. बघतो तर सासूचं शीड फडफडतंय.

त्या दिवशी मी तिथेच होते, नाड्या बदलायला गेले होते. घाटावर पोहोचले तर बांबू काढून त्याजागी लोखंडी पाइप उभा, पहिल्यापेक्षा हातभर उंच. शीड वर ताणलेलं. आणि खालच्या कोपऱ्याची दोरी डोंग्याच्या आडव्या लाकडाला ट्रकच्या गाठीनं आवळलेली. नरेश कमरेवर हात ठेवून उभा. दीपाली लेकराला कडेवर घेऊन बाजूला.

"पाहा बाई," नरेश म्हणाला, "फडफड बंद केली. आमच्या रोडवर असं फडफडलं असतं तं चालान फाटलं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमरेला सुरी असते, ती काढली आणि एका झटक्यात दोरी कापली. म्हटलं, "हे ट्रक नोहे. हे शीड हाये. हे फडफडलं पायजे. नाई फडफडलं तं तुही सासू बुडन."

त्याचा चेहरा उतरला. त्याला कोणी असं बोललेलं नव्हतं, आणि ते सासुरवाडीत, बायकोसमोर. हळूच म्हणाला, "बाई, ताडपत्री तुमी शिवता, बांधतो मी. बांधाचं मले शिकवू नोका."

मी वच्छलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून जाळ्यातला काटा काढत होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "त्याले काय करू दे ते करू दे. तो गेला का सोडून टाकजो." ती म्हणाली, "हो बाई."

मी गेल्यावर त्यानं नवा जाड सुती दोर आणून पहिल्यापेक्षा घट्ट गाठ मारली. वर पाणीही ओतलं, आवळायला. आणि तो गेल्यावरही वच्छलानं ती सोडली नाही.

का सोडली नाही, हे बाहेरच्या वाचकाला पटणार नाही. जावयानं बांधलेलं सासूनं सोडायचं नाही अशी काही रीत लिहून ठेवलेली नाही. पण जावई पुन्हा आला आणि त्यानं पाहिलं तर? सासूनं माझी गाठ सोडली, त्या ताडपत्रीवालीचं ऐकलं, माझी किंमत काय? मग तो रुसणार, आणि त्याचं रुसणं भोगणार कोण, तर मुलगी. हे गणित वच्छलाच्या डोक्यात पक्कं होतं. मुलीच्या घरातली शांती त्या गाठीत आवळलेली आहे असं ती धरून चालली. तिनं मनातल्या मनात ठरवलं की वारा फार आला तर शीडच खाली घेऊ.

आणि यात माझे लोक म्हणजे काही वेगळे आहेत असं कुणी समजू नये. आम्ही बौद्ध झालो, नवस सोडले, मुहूर्त सोडले, देव्हारे पाण्यात सोडले. जावयाचं कौतुक तेवढं गाठोड्यात बांधून सोबत आणलं. माझ्या घरात माझ्या जावयाला मऊ पोळी आणि मला करपलेली. याचाही राग येतो मला, पण तो दुसऱ्या अंकासाठी ठेवते.

वावधान त्याच उन्हाळ्याच्या शेवटी आलं. आमच्याकडे पावसाआधी ही वादळं उठतात, आभाळ पिवळं पडतं आणि वारा एकदम येतो, कुठून ते कळत नाही. वच्छला भर पाण्यात होती. शीड खाली घ्यायला दोरापर्यंत पोहोचायचीही सवड मिळाली नाही. तिनं गाठीला हात घातला. ती सुटते काय? डोंगा आडवा झाला, उंच पाइपनं त्याला पार पालथा केला. वच्छला तेलाच्या डब्याला मिठी मारून तरंगत राहिली, शेजारच्या पट्ट्यातल्या माणसांनी तिला ओढून काढलं. जाळी गेली. डोंग्याची बाजू चिरली. जीव वाचला, तो त्या डब्यांमुळे.

सोसायटीनं सभा बोलावली. शीड मी शिवलं होतं म्हणून मलाही बोलावलं. शाळेच्या व्हरांड्यात सगळे पुरुष सतरंजीवर, वच्छला खांबाला टेकून उभी. अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या शिडानं माणूस मरला असता. काय म्हणणं हाये?"

मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं जिभेवर. तेवढ्यात वच्छला खांबापासून पुढे आली आणि म्हणाली, "बाईचा दोष नाई. शिडाचा नाई. मलेच दोरी सोडता आली नाई. माहा हात कामातून गेला."

मी म्हटलं, "वच्छला, खोटं काऊन बोलून राह्यली?"

तिनं माझं मनगट धरलं. सगळ्यांसमोर. "बाई, तुमाले माही शपथ हाये. बोलू नोका."

मी शपथ मानणारी बाई नाही. पण त्या पकडीत काय होतं ते मला कळलं. मी बसले. आयुष्यात एवढी गप्प मी कधी बसले नाही, आणि आतून एवढी कधी ओरडले नाही. अध्यक्षांना तर आयतंच मिळालं. हात कामातून गेला ना? मग डोंगा कसा हाकणार? बाईमाणसानं हे असले खेळ करावेच कशाला? ठराव झाला. धरणावर शीड बंद, सगळ्यांना. वच्छलाचा पट्टा तात्पुरता दुसऱ्याकडे. हा दुसरा म्हणजे अध्यक्षांचा साळा. तात्पुरता म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

सभेनंतर मी वच्छलाला घाटावर गाठलं. हवं ते बोलले. लाज काढली तिची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरगी तिथी राह्यते, बाई. मी इथी. माहं पाणी गेलं तं गेलं. तिचं घर नाई गेलं पायजे." मी म्हटलं, तुझं पाणी हेच तुझं घर आहे. त्या वर्षी ती लोकांच्या बांधीत भाताची रोवणी करायला गेली, तोच खांदा घेऊन, गुडघाभर चिखलात. धरणाच्या बाजूनं जाताना ती पाण्याकडे बघत नाही, असं लोक सांगतात. माझ्या हातचं ते शीड तिच्या घरात आढ्याला टांगलेलं आहे.

आणि नरेश? नरेश माझ्या दुकानासमोरून ट्रक घेऊन जातो, हॉर्न वाजवतो. त्याला खरंच माहीत नाही, की माहीत करून घ्यायचं नाही, हे मी खूप दिवस ठरवू शकले नाही. आता मला वाटतं, दोन्हींत फरक नाही.

हा मजकूर इथवर लिहून झाला होता आणि पुढे काय लिहायचं ते कळत नव्हतं. नाव बदलून लिहावं की गावच बदलावं, असला भित्रा विचार मनात होता. त्यात या महिन्यात दीपाली दुकानात आली. नवऱ्याच्या ट्रकची ताडपत्री उसवली होती, ती टाकायला. बसली. मशीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, मायचा डोंगा कसा उलटला?"

मी म्हटलं, "तुले माहीत हाये. सभेत सांगतलं तिनं."

"तुमी सांगा."

"मले तुह्या मायची शपथ हाये."

शपथ कशाची, हे तिनं विचारलं नाही. ताडपत्रीचा लोंबता दोर उचलला, मशीनच्या पायाला फास घातला, ओढला, भार दिला, अडकवला. ट्रकची गाठ. नवऱ्याच्या तोडीची. "हेच ना?" ती म्हणाली. "तुमी कापल्यावर त्यानं दुसऱ्यांदा बांधली, तवा मी तिथीच उभी होती. मीच दोर धरला होता त्याले."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"सुटी असती तं?"

"शीड फडफडलं असतं," मी म्हटलं. "बस. अजून काई झालं नसतं."

तिनं टॉमी मागितली आणि गाठ स्वतः उचकटली. उठताना म्हणाली, "दिवाळी अंकात लिहून राह्यल्या म्हणे तुमी. लिहा."

"अन् तुहा संसार?"

ती एकदम भडकली. तिचा आवाज ऐकून बाहेरचे चहावाले वळून बघायला लागले. "माहा संसार माह्या मायच्या डोंग्यावर उभा हाये काय? मी कवा म्हटलं तिले, माह्यासाठी बुड म्हणून? नाव घालून लिहा. मी घरी सांगतलं हाये त्याले. दोन दिवस जेवला नाई. जेवन मंग, भूक लागली का."

तिच्यात मला तिची आई दिसली नाही. बरं वाटलं.

तरी मी वच्छलाकडे गेले. शपथ तिची होती. घरात बसून सगळा मजकूर तिला वाचून दाखवला, सुरुवातीपासून, फ्लेक्सवाल्यासकट. पुढाऱ्याचं नाक फाटलं तिथे ती थोडी हसली. पुढे हसली नाही. दीपालीचं बोलणं वाचलं तेव्हा पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं आता म्हणेल, फाडून टाका. मी कागद घट्ट धरून बसले, द्यायचे नाहीत असं ठरवून.

तिनं डोळे पुसले. उजवा हात समोर धरला, मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली.

"एक राह्यलं, बाई," ती म्हणाली. "दोरी सोडाले हात लागते, खांदा नाई. हात चांगला हाये माहा. सभेत मी खोटं बोलली. ते लिहा."

दिवाळीनंतर सोसायटीची सभा आहे. वच्छलानं पट्टा परत मागितला आहे आणि शीडही. अध्यक्षांच्या घरी हा अंक जातो, हे मला पक्कं माहीत आहे. संपादकांना एकच विनंती. लांबलं म्हणून कात्री लावायची असेल तर माझ्या ताडपत्रीच्या भागाला लावा, फ्लेक्सला लावा, मोटारसायकलच्या आरशांना लावा. या शेवटच्या ओळींना लावू नका.

गाठ नरेशनं बांधली होती. वच्छलाचा हात चांगला आहे.